मास्तरांनी मुद्दाम चुकवलेलं बटण

चादर अर्धी पिळून झाली होती, अर्धी अजून बादलीत, तोच मास्तरीणबाईंचा जीव पुन्हा बाहेरच्या खोलीकडे ओढला गेला. ओल्या हातांनीच दारापर्यंत गेल्या, डोकावल्या, परत आल्या. सकाळपासूनची ही पाचवी खेप.

मास्तर खुर्चीत बसून बटणं निवडत होते. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस; काचबिंदूने दोन्ही डोळे नेल्यावर एवढंच काम उरलं. दोन भोकांची एका डब्यात, चार भोकांची दुसऱ्यात, बोटांनी चाचपून. बोलणं मात्र पार आटलं होतं.

दर बुधवारी दहाला डोळ्यांच्या दवाखान्यातून एका बाईंचा फोन येई. त्यांची स्वतःची दृष्टी वीस वर्षांपूर्वी गेलेली. नव्याने अंधत्व आलेल्यांना धीर देणं हेच त्यांचं काम. पण तीन बुधवार मास्तरांनी फोन घेतलाच नव्हता. मास्तरीणबाईच सांगत, "बरे आहेत हो," आणि मग देवापुढे हात जोडून खोटं बोलल्याची कबुली देत. आजही ते बोलले नाहीत तर फोन बंद. नको म्हणणाऱ्याच्या मागे लागायचं नाही, हा त्या बाईंचा नेम.

दहाला पाच कमी.

"आज घ्याल ना फोन?"

"तूच घे. माझी तब्येत माझ्यापेक्षा तुलाच जास्त माहीत."

"टोमणे नकोत. मी काय वाईट करते तुमचं?"

मास्तरांनी चार भोकांच्या डब्यात बोटं फिरवली. "काल यात दोन भोकांचं एक घातलं होतं मी. मुद्दाम. आज ते नाही."

मास्तरीणबाईंच्या हातांचं पाणी फरशीवर ठिबकत राहिलं. दुपारी ते आडवे झाले की त्या डबे तपासत, चुकलेलं बटण गुपचूप जागेवर टाकत.

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून हो..."

"मला वाटलं, माझं चुकतच नाही. खूश होतो गं मी. रोज किती चुकतात?"

"चार. कधी पाच."

"शंभरात?"

"दोनशे तरी असतील."

"मग आपल्या जुन्या कारागिरापेक्षा मी बरा. त्याला डोळे असून कळत नव्हतं."

फोन वाजला. सवयीने त्या पुढे झाल्या आणि जागीच थांबल्या. दुसरी घंटा. तिसरी. मास्तर उठले, भिंत चाचपत गेले.

"बरा नाही मी," नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट हेच. "बसून बसून अंगाला मुंग्या येतात. घरात कोणी मला धड चुकूही देत नाही."

मग बराच वेळ ते ऐकत राहिले. एकदा हसलेही. इकडे मास्तरीणबाई चादरीची पिळलेलीच बाजू पुन्हा पिळत होत्या.

"काय म्हणाल्या?"

"डोक्याला फट असलेली सुई मिळते म्हणे. दोरा वरून दाबला की आत. चाळीस वर्षं या धंद्यात घालवून हे मला त्यांनी सांगावं! आणि यापुढे चालताना तू माझं मनगट ओढायचं नाही, मी तुझं कोपर धरायचं. पुढच्या बुधवारी विचारणार आहेत."

चादर बादलीतच राहिली. मास्तरांच्या चपला पुढे ठेवायला मास्तरीणबाई वाकल्या, पण हात मागे घेऊन सरळ झाल्या. मास्तरांनी पायाने चपला शोधल्या. आधी उलट्या घातल्या, मग सुलट्या. मग मास्तरीणबाईंचं कोपर धरलं आणि दोघं शिवणसामानाच्या दुकानात फटीच्या सुया आणायला निघाले.