पडद्यावरचा पुठ्ठा

काही वर्षांपूर्वी एका सोमवारी आमच्या कसब्यातल्या शाळेत संगणक आले आणि गणित त्यांच्यावर शिकवायचं ठरलं. मंगळवारी गणिताच्या बाईंनी प्रत्येक पडद्यावर, जिथे ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ उमटे त्या कोपऱ्यात, पुठ्ठा चिकटवला. मुलाने वहीत ताळा करून दाखवला, की मगच त्या तो वर करत. शेजारच्या वर्गात मराठी शिकवताना मला त्यांचं “ताळा केलास?” ऐकू येई.

“अहो बाई, पुठ्ठे काढा,” मुख्याध्यापक म्हणाले, “नाहीतर दहावीचा वर्ग सोडा.”

बाईंनी चष्मा पुसला. चिडल्या की त्या चष्माच पुसत. “परीक्षेला यंत्र बसणार असेल, तर काढते.”

वर्ग गेला. बाई पाचवीला शिकवू लागल्या. तिथेही पुठ्ठे लागले.

यंदा बाई वारल्या. दहावीच्या पडद्यांवर अजून पुठ्ठे आहेत. मुलंच लावतात.