झाकणभर इसेन्स

वत्सलाबाई गेल्याचं मला पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर कळलं. सौसरच्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा. "तुमच्या जुन्या शाळेतल्या त्या केकवाल्या बाई गेल्या जी," तो म्हणाला. मी मान हलवली, भाजी घेतली आणि घरी आले. सौसरला जायला मात्र मला तीन आठवडे लागले...

माझी बदली होण्याआधी आम्ही दोघी तिथे शेजारशेजारच्या वर्गांवर शिकवायचो. त्या बौद्ध, आम्ही संत्र्याच्या बागेवाले. ऐंशीच्या सुमारास त्यांनी नागपूरहून ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन आणला आणि दर बुद्धपौर्णिमेला आमच्याकडे केकचा डबा येऊ लागला. आमच्या घरी त्यांच्या हातचं खात नसत. सासूबाईंचं नाव पुढं करणं सोपं आहे, पण गोठ्यात जाऊन तो डबा गाईपुढं रिकामा करायची ती मीच. पहिल्याच वर्षी त्यांनी स्टाफरूममध्ये विचारलं, "कसा झालता बाई? खरं सांगजा." नुसतं 'छान' म्हटलं असतं तर त्यांना संशय आला असता, म्हणून मी काहीतरी उणं काढलं. म्हटलं, व्हॅनिला जरा उग्र वाटला. त्या इतक्या खूश झाल्या! तोंडावर सांगणारं माणूस त्यांना मिळालं होतं. पुढच्या वर्षी झाकणभर इसेन्सचं अर्धं झाकण झालं. मग एका साली मी म्हटलं, वासच लागला नाही. "उन्हानं उडला असन," त्या विचारात पडल्या आणि मग सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुमचं नाक हाय का रुसका जवाई? कायनंच खुश होत नाही!" सगळ्या हसल्या. मीही हसले.

तीन आठवड्यांनी सौसरला गेले, तेव्हा वत्सलाबाईंच्या घरी त्यांची मुलगी सुजाता होती. "जेवल्याबिगर जाऊ नका मावशी," म्हणत तिनं ताट वाढलं. वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर. भाकरीला व्हॅनिलाचा वास येत होता.

"तो येतेच," ती ओशाळून म्हणाली. "आई इसेन्सची बाटली पिठाच्या डब्यात पुरून ठेवे. उन्हाळ्यात वास उडते म्हणून. तुमीच सांगतलं होतं ना वास लागला नाही, तवापासून. आमी बोंबललो त म्हणे, मुकाट्यानं खा, बाईचा केक बिघडला नाही पाह्यजे."

"सुजाता, मी तो केक कधी खाल्लाच नाही. एकदाही नाही."

"मंग कोणाले देत होत्या?"

"गाईला."

"अन् आई दरसाली तुमालेच इचारे," ती एवढंच म्हणाली आणि तव्यावरची भाकर उलटायला आत गेली. पुन्हा तिनं जेवायचा आग्रह केला नाही.

मी घास मोडला. वास जरासाच होता... उग्र नव्हता.