मच, मेनी आणि बोखर्त मास्तर

झेलंडच्या किनाऱ्यावर, शिंपल्यांच्या एका गावात वाढलेल्या याकोमीनने एका माणसाचा डूख शेहेचाळीस वर्षं धरला होता. एका मंगळवारी सकाळी तो माणूस आपल्या पायांनी तिच्या वर्गात आला, ओली छत्री कोपऱ्यात उभी केली आणि पहिल्याच खुर्चीवर बसला.

जवळच्या शहरातल्या वाचनालयात ती निवृत्त लोकांना इंग्रजी शिकवायची. हजेरीत नाव होतं बोखर्त, वय चौऱ्याऐंशी. नाव नसतं तरी तिने ओळखलं असतं. बोलण्याआधी रुमालाने ओठ टिपायची ती लकब तिच्या डोळ्यांपुढून कधी हललीच नव्हती. त्यांनी मात्र तिला ओळखलं नाही. लग्नानंतर तिचं आडनाव बदललं होतं, केस पांढरे झाले होते.

"नातू स्कॉटलंडला असतो," त्यांनी वर्गाला सांगितलं. "त्याला डच येत नाही, मला इंग्रजी येत नाही. उन्हाळ्यात यायचाय. तोवर शिकायचंय."

"शिकवू की," याकोमीन म्हणाली.

ती बारा वर्षांची असताना बोखर्त तिच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. सहावी संपली की कुठल्या मुलाने पुढे कुठल्या शाळेत जायचं, हे तेच लिहून देत. याकोमीन सिंके वर्गात पहिली होती. तिच्या कागदावर त्यांनी शिवण-स्वयंपाकाची शाळा लिहिली. तिने धीर करून विचारलं, "मास्तर, मला मोठ्या शाळेत इंग्रजी शिकायचं होतं." त्यांनी रुमालाने ओठ टिपले आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "शिंपले निवडायला इंग्रजी लागत नाही, सिंक्यांच्या पोरी." मुलं फिदीफिदी हसली.

पुढे अकरा वर्षं तिने शिंपल्यांच्या शेडमध्ये काढली. रबरी बूट, गार पाणी, बोटांना चिरा. संध्याकाळच्या शाळेत एकेक परीक्षा देत ती शिक्षिका झाली तेव्हा सदतीस वर्षांची होती. पास झाल्याचं पत्र आलं त्या दिवशीही तिला पहिल्यांदा आठवलं ते ते हसणंच.

आता डाव तिच्या हातात होता.

मोजण्याचे शब्द आले की डच माणसाची हमखास विकेट पडते. त्याला माणसं असोत की पाणी, डचमधलं 'फेल', म्हणजे पुष्कळ, म्हटलं की भागतं. इंग्रजीला मोजता येतं त्याला मेनी लागतं, येत नाही त्याला मच. बाकीच्या दहा जणांच्या चुका ती हसून सोडून द्यायची. बोखर्तांना उभं करायची.

"मच चिल्ड्रन," ते म्हणाले.

"मुलं ओतून मापायची का, मास्तर? परत."

सगळेच त्यांना मास्तर म्हणायचे, त्यामुळे तिच्या तोंडच्या त्या शब्दातली धार कुणाला कळत नव्हती. एकदा त्यांनी हौसेने वाक्य रचलं, की मी आयुष्यभर मुलांना अ‍ॅडव्हायसेस दिले.

"इंग्रजीत सल्ल्याचं अनेकवचन होत नाही," याकोमीन म्हणाली. "कितीही जणांची वाट लावली तरी एकवचनच."

त्यांच्या शेजारच्या खुर्चीवरच्या बाई आधी हसल्या आणि मग वहीत बघू लागल्या.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते 'फ्यू'चं. त्यांना म्हणायचं होतं, मला थोडेफार मित्र आहेत. पण ते 'फ्यू'च्या आधीचं 'अ' विसरले.

"म्हणजे तुम्हाला जवळपास कुणीच उरलेलं नाही," तिने फळ्याकडे तोंड करून सांगितलं. "तसंच असेल तर वाक्य बरोबर आहे."

म्हातारा उभाच राहिला. खाली बसायला सांगायला ती मुद्दामच विसरली. कॉफीच्या सुट्टीत तिने एकाऐवजी दोन बिस्किटं खाल्ली, इतकं तिला बरं वाटत होतं.

तरीही त्यांनी एकही मंगळवार चुकवला नाही. घरी पानंच्या पानं लिहून आणायचे. मार्चपर्यंत त्यांचं मच-मेनी सुधारलं, अनेकवचनं जागेवर आली. वरच्या वर्गात जायला शिक्षिकेची शिफारस लागते. शेवटच्या दिवशी तिने सगळ्यांचे कागद वाटले. बोखर्तांच्या कागदावर होतं, 'वरच्या वर्गास योग्य नाही.'

बाकीचे गेल्यावर ते तिच्या टेबलापाशी आले. "बाई, परीक्षेत मला सत्तर मार्क आहेत."

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि मग गावच्या बोलीत, "शिंपले निवडायला इंग्रजी लागत नाही."

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. "सिंक्यांची."

"हो."

"तुझा बाप आला होता माझ्याकडे," ते म्हणाले. "म्हणाला, एकालाच शिकवणं परवडतं, तर पोराला, रिनुसला शिकवतो. पोरगी शेडमध्ये हवी. पण मी सांगितलं म्हणू नका, ती आयुष्यभर माझ्याशी बोलणार नाही."

"मेलेल्या माणसावर ढकलणं सोपं असतं."

"रिनुस जिवंत आहे ना? त्याला विचार."

"आणि वर्गासमोर माझं हसं करायलाही माझ्या बापानेच सांगितलं होतं का?"

त्यांनी रुमाल काढला, पण ओठांपर्यंत नेला नाही. "नाही," ते म्हणाले. "ते माझं."

"सहीसुद्धा तुमचीच होती," याकोमीन म्हणाली आणि कागद त्यांच्या हातात तसाच ठेवला.

रिनुस तिचा धाकटा भाऊ. मोठ्या शाळेत शिकून बंदरात साहेब झालेला. पुढच्या शनिवारी त्याचा वाढदिवस होता. बैठकीच्या खोलीत गोल मांडलेल्या खुर्च्यांवर नातलग, शेजारी, प्रत्येकाच्या मांडीवर केकची बशी. याकोमीनने केक संपवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "रिनुस, बाबा बोखर्त मास्तरांकडे गेले होते, ते तुला माहीत होतं?"

"आज कशाला काढतेस ते?" रिनुस म्हणाला.

"म्हणजे माहीत होतं."

"मी तेव्हा दहा वर्षांचा होतो, मीन."

"आज छप्पन्न वर्षांचा आहेस. मधल्या एवढ्या वर्षांत तोंडाला काय झालं होतं?"

त्याच्या बायकोने कॉफीची किटली उचलली आणि कुणाच्याच कपात न ओतता परत ठेवली. याकोमीन एकेकाचा निरोप घेऊन, रीतसर हस्तांदोलन करून निघाली. भावाला मात्र तिने हात दिला नाही. त्यानंतर दोन्ही घरांचं येणंजाणं बंद झालं.

उन्हाळ्यात बोखर्तांचा नातू आला. आजोबा-नातू रोज बंधाऱ्यावर बसतात पण फारसं बोलत नाहीत, असं वर्गातल्या त्या शेजारच्या बाईंनी सांगितलं. "त्यांना एक वर्ग वर जाऊ दिलं असतं तर काही बिघडलं नसतं तुमचं," त्या म्हणाल्या.

रात्री जेवताना याकोमीनने हे नवऱ्याला सांगितलं.

"तुला वाईट वाटायला हवं," तो म्हणाला.

तिने बटाटा मोडता मोडता प्रामाणिकपणे शोधून पाहिलं.

"नाही वाटत," ती म्हणाली आणि त्याच्यापुढे मिठाची वाटी सरकवली.