मशीनकाकांचं वाक्य

शिलाई मशीन दुरुस्त करणारे काका माझ्या स्पॅनिशच्या वर्गात आले, तेव्हा मी मनात म्हटलं, झालं! साठी उलटल्यावर हे कुठून सुचलं? वहीच्या पानापानावर तेलकट अंगठा उमटलेला. दोन दिवसांत सगळा वर्ग त्यांना मशीनकाका म्हणू लागला.

कारण कळलं आणि मी ओशाळले. त्यांचा मुलगा परदेशात अपघातात गेला होता. मागे सून आणि सात वर्षांची नात. दोघींना स्पॅनिशशिवाय काही येत नाही. काका दर रविवारी फोन करून चार मोडके शब्द बोलायचे, नात खिदळायची. पण त्यांना एक गोष्ट धड सांगायची होती. "सगळे तिला म्हणतात, आईसाठी शहाण्यासारखं वाग. मला सांगायचंय, बाळा, तसं वागायलाच हवं असं काही नाही. रड हवं तेवढं."

मी माझा नियम ऐकवला. 'करायलाच हवं'चा धडा पास होईपर्यंत वर्गाबाहेर स्पॅनिश बोलायचं नाही. चुकीचं एकदा जिभेवर बसलं की निघता निघत नाही. बाकीचे या नियमाकडे खुशाल कानाडोळा करायचे. काकांनी तो पाळला. रविवारचा फोन बंद केला.

धडा आला. आमची मंडळी जन्मभर एकाच 'हवं'वर निभावलेली. स्पॅनिशमध्ये 'करायला हवं' म्हणायच्या तीन तऱ्हा आहेत म्हटल्यावर सगळ्यांनी कपाळाला हात लावला. नाइलाजाची वेगळी, कर्तव्याची वेगळी, आणि कुणाचंच नाव न घेता 'करायला हवं' म्हणायची तिसरीच. काकांची तर पार भंबेरी उडाली. 'वागायलाच हवं असं नाही' म्हणायला जायचे आणि 'वागता कामा नये' म्हणून बसायचे.

"अहो काका, तुम्ही नातीला शहाण्यासारखं वागायला बंदी करताय!" मी म्हटलं. सगळे हसले, काकाही हसले.

वर्ग सुटला की ते दारात थांबायचे. "मॅडम, आता करू फोन?"

"अजून थोडं पक्कं होऊ द्या."

असे तीन महिने गेले. काय हौस होती मला शहाणपणा शिकवायची, देव जाणे.

एका मंगळवारी काका आले नाहीत. काकू आल्या, हातात ती वही. रात्री झोपेतच गेले म्हणाल्या. वहीच्या शेवटच्या चार पानांवर तेच एक वाक्य, ओळीखाली ओळ. एकही चूक नव्हती.

"सुनेला तुम्हीच कळवा हो. मला कुठे त्यांची भाषा येते?"

मी तिथूनच फोन लावला. सून ऐकून कोसळली. मग फोन नातीने घेतला. मी वहीतलं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं, आजोबांनी तुझ्यासाठी लिहिलंय असं सांगितलं.

मग तिने विचारलं, "आजोबांनी फोन बंद करू नये म्हणून मी काय करायला हवं होतं?"

पंधरा वर्षं मी हाच धडा शिकवतेय. "काही नाही गं, बाळा. चूक माझी होती," एवढंच कसंबसं बोलले आणि पुढे हुंदका आवरेना.

काकू माझा हात धरून विचारत होत्या, "काय म्हणाली हो पोर? सांगा ना, काय म्हणाली?"