कळंबच्या खाऱ्या कोपऱ्यातलं गवत

नालासोपाऱ्याहून कळंबच्या बसमध्ये चढले तेव्हा माझ्या पिशवीत कागदी पाकिटं, पेन्सिल आणि आत्यासाठी हैदराबादची बिस्किटं होती. शेजारच्या बाईंनी विचारलं, "फिरायला का?"

"गवत आणायला," मी म्हटलं. त्यांनी मला एकदा नीट न्याहाळलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

हैदराबादच्या प्रयोगशाळेत मी राळ्यावर (बारीक दाण्याचं भरडधान्य) आणि त्याच्या रानटी भाऊबंदांवर काम करते. ही गवतं बुटकी, झटपट बियांवर येणारी, जनुकं वाचायलाही सोपी. त्यांच्याकडून जे कळतं ते मक्याला, उसाला, इंधनासाठी लावायच्या उंच गवतांनाही लागू पडतं का, हे मग तपासता येतं. मला त्यांच्यातलंच, खाऱ्या जमिनीत तगणारं गवत हवं होतं, आणि ते कुठे आहे हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. मालूआत्याच्या वाडीतल्या (बागायतीतल्या) खाडीकडच्या कोपऱ्यात भरतीचं पाणी शिरायचं. तिथे केळी जळायच्या, पण कपड्यांना चिकटणारं हे गवत काही हटायचं नाही. सुट्टीत ते उपटायचं काम आम्हा पोरांचं असे. आता त्या कोपऱ्यावर पुढच्या महिन्यात पर्यटकांसाठी कॉटेज उभं राहणार होतं. आज बी मिळालं नाही तर ते कायमचं गेलं.

सुरूची झाडं दिसली, बोंबलांचा वास आला आणि मला उगाचच भरून आलं. आत्या दारातच उभी होती. "आदी वाडी बघ," म्हणाली.

कोपरा लख्ख होता. एक काडी नव्हती.

"आत्या, गवत कुठंय?"

"तू येनार म्हनून चार दिस खपून काढलं. म्हायेरचं मानूस येतं नि वाडीत गवत? काय म्हनतील लोकं!"

"अगं, फोनवर सांगितलं होतं ना, गवतासाठीच येतेय!"

"मला वाटलं मस्करी करतेस."

आमच्याकडे ही रीतच होती. पाहुणा येणार तर आधी वाडी निंदायची, मग घर सारवायचं. उपटलेला ढीग तिने आदल्या दिवशीच जाळला होता. बांधापलीकडेही मी तासभर शोधलं. दुसऱ्याच जातीचं गवत होतं. आत्याने सुकेळी (उन्हात वाळवलेली केळी) पुढे केली, ती मी रागारागाने खाल्ली. आत्याही माझ्याइतकीच हिरमुसली होती, हे मला जरा उशिरा दिसलं.

हात धुवायला मागच्या दारी गेले, तर दोरीवर तिचं निंदणीचं जुनं लुगडं, धुवायचं राहिलेलं. गुडघ्यापर्यंत काठ केसाळ झाला होता. त्याच गवताची कणसंच कणसं!

मी ते पायरीवर आणलं. याच पायरीवर आत्या आम्हाला उभं करायची आणि फ्रॉकला चिकटलेलं एकेक बी वेचल्याशिवाय घरात घ्यायची नाही. आज मी तिच्या लुगड्याचं वेचत होते. ती शेजारी टेकली, एक कणीस तळहातावर चोळून म्हणाली, "ही हिरवी नको, कच्ची हायेत. तांबूस झालीत ती घे." पाकिटं भरेपर्यंत आम्ही दोघी वेचत राहिलो. इतकं सुख मला कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

हैदराबादला परतल्यावर बी पेरलं, मिठाचं पाणी घातलं. आठवड्याने आत्याला फोन केला. "उगवलं गं!"

जन्मभर ते उपटत आलेली माझी आत्या म्हणाली,

"मग आता गोडं पानी घाल त्याला, बाय. इथं लई वर्सं खारंच प्यालंय."

प्रयोगात ते बसणारं नव्हतं. तरी एक कुंडी मी वेगळी काढली, खिडकीत ठेवली, आणि तिला रोज गोडं पाणी घालते.