दुसऱ्या टोकाला कोण आहे

औलिस केम्पाइनेनच्या नावावर आमच्या कार्यालयात जेवढे लेखी शेरे जमा झाले, तेवढे अट्टल कामचुकारांच्याही नावावर नाहीत. त्याचा अपराध एकच: पलीकडचा संगणक खरोखर कोणाचा, याची खात्री पटल्याशिवाय तो काहीही पाठवत नसे.

कायानीबाहेरचे मनोरुग्णालय बंद झाले आणि तिथल्या रुग्णांची टिपणे हेलसिंकीच्या संग्रहाकडे पाठवण्याचे काम त्याच्याकडे आले. त्या रुग्णांची मुले आजही गावात राहतात. आपल्या आईला काय झाले होते हे शेजाऱ्यांना कळू नये, एवढीच त्यांची इच्छा. वाटेत मजकूर कुलूपबंद असतो. पण पलीकडे ते कुलूप भलत्यानेच उघडले तर?

त्या दिवशी पडद्यावर इशारा उमटला: पलीकडच्या यंत्राचा ठसा, म्हणजे त्याची ओळख पटवणारी अक्षरे-आकड्यांची ओळ, बदलला आहे. अशा वेळी जुना ठसा पुसायचा आणि ‘हो’ लिहून मोकळे व्हायचे, ही आमच्याकडची सर्वमान्य रीत. औलिसने हेलसिंकीच्या संग्रहातल्या इंकेरीला फोन लावला.

“इंकेरी, तुमचा ठसा वेगळा येतोय.”

“अरे, यंत्र बदललं असेल. ‘हो’ म्हण आणि पाठव. सगळे तेच करतात.”

“मी वाचतो, तू ताडून बघ.” फोनवर अक्षरे माणसांच्या नावांनी सांगायची, त्याप्रमाणे त्याने सुरुवात केली. “दाविद, चार, एमेली, सात, बर्टा...”

“हो, हो, बरोबर आहे.”

“बर्टा नाहीये तिथे, आर्ने आहे. मी मुद्दाम चुकीचं वाचलं.”

“मी बघतच नव्हते,” इंकेरी ओशाळून म्हणाली.

“आता यंत्रापाशी जा आणि तू वाच,” औलिस म्हणाला.

मागे कॉफी घेऊन उभी असलेली आमची प्रमुख रित्वा म्हणाली, “उद्या तू कॉफीच्या किटलीकडेही ओळखपत्र मागशील.”

“कॉफीनं माझंच पोट बिघडेल. ही टिपणं दुसऱ्यांची आहेत.”

यंत्र दुसऱ्या इमारतीत होते. दुपारी इंकेरीचा फोन आला. तिने वाचलेला ठसा शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला. यंत्र खरोखरच नवे होते. औलिसने ‘हो’ लिहिले आणि टिपणे रवाना केली.

“म्हणजे गडबड काहीच नव्हती,” रित्वा म्हणाली. “दुपार फुकट गेली.”

“नव्हती, हे आत्ता कळलं.”

यंत्र बदलून कोणालाही न कळवणाऱ्यांना कोणी जाब विचारला नाही. शेरा आला तो औलिसच्या नावे: अनाठायी विलंब. त्याने तो नीट वाचला, तारीख चुकली होती ती दुरुस्त करून घेतली आणि खाली सही केली.