कमरेतून फिर, गो!

अक्कांना उभं माणूस आवडत नसे. म्हणजे फोटोत. चेन्नईच्या वेस्ट मांबलममधल्या त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतभर घरच्या-दारच्यांचे फोटो होते आणि एकही जण जागेवर नव्हता. भाऊ सायकलवर, वहिनी झोपाळ्यावर, शेजारचे वकील स्कूटरवर. चेहरे लख्ख, आणि मागची घरं, झाडं, दुकानं कुणी ओल्या रंगावरून हात फिरवावा तशी पुसलेली. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी कॅमेरा उचलला. मी सवयीने पदर सारखा करून भिंतीपाशी उभी राहिले.

"असं नक्को," अक्का म्हणाल्या. "तसला फोटो पासपोर्टास. मला धावतं माणूस होणा. जा, जिन्यातून खाली पळ."

‘होणा’ म्हणजे ‘पाहिजे’, हे मला त्या दिवशी कळलं. अक्कांचं घराणं पिढ्यान् पिढ्या तंजावरचं. त्यांचं मराठी ऐकताना पणजीच्या बोलण्यात कुणी मधूनमधून तमिळ मिसळतंय असं वाटे. मी साताऱ्याची. नवऱ्याला ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून चेन्नईला आलेली. तमिळचा गंध नाही, ओळखीचं कुणी नाही. नवरा पहाटे कंपनीच्या बसने जाई तो दिवेलागणीला परते. त्याच कारखान्यात सुधा नावाची इंजिनिअर होती. ती अक्कांची एकुलती मुलगी. तिनेच आम्हाला त्यांच्या खालचा फ्लॅट मिळवून दिला होता.

अक्का बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसल्या होत्या, पण बसलेल्या अशा त्या कधी दिसल्या नाहीत. तेव्हा डिजिटल कॅमेरे घरोघरी पोचले होते. नवऱ्याने हौसेने मला एक घेऊन दिला होता आणि मी त्यात फक्त तुळस आणि खिडकी टिपत होते. अक्कांनी ते फोटो पाहिले, "बरे आहेत, झोप येते," म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला रस्त्यावर नेऊन उभं केलं.

त्यांचं शिकवणं स्वयंपाक शिकवण्यासारखं होतं, मापापेक्षा हाताच्या सवयीवर. आधी शटरचा वेग आपल्या ताब्यात घ्यायचा, बाकीचं कॅमेऱ्याला बघू द्यायचं. सायकल असेल तर सेकंदाचा तिसावा भाग, रिक्षा असेल तर थोडं जलद. "शटर फार जलद ठेवलंस तर चालती सायकलही पार्क केल्यासारखी दिसती," त्या म्हणत. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, कमीत कमी, नाहीतर या उन्हात फोटो पांढरा फटक पडतो. म्हणून सकाळची कोवळी वेळ. ही आकडेमोड मला दोन दिवसांत जमली. जमत नव्हतं ते शरीर.

"पाय रोव. सायकल तुझ्या नाकासमोर येईल तिकडे पाय. आता कमरेतून वळ, लांबूनच तिला धर, तिच्याबरोबर ये... दाब! अगो, थांबलीस कां?"

बटण दाबलं की मी थांबायची. सगळेच थांबतात म्हणे. फोटो काढून झाला असं मनाला वाटतं आणि हात गोठतो. अक्का ओरडायच्या, "दाबल्यावर पण फिरत ऱ्हा! पाव्हणा दारातून गेला म्हणून लगेच कडी लावतीस का?" समोरचा इस्त्रीवाला, फुलवाली आणि दुधाच्या रांगेतले आजोबा हा तमाशा रोज बघत. पुढे पुढे फुलवालीही मला तमिळमध्ये "थांबू नकोस" सांगू लागली. मला त्या भाषेत पहिल्यांदा समजलेलं वाक्य तेच.

एक दिवस एक पोस्टमन माझ्या फोटोत अडकला. सायकलची चाकं धुरासारखी, मागची भिंत रेघारेघांची, आणि त्याच्या मिशीचा केस न् केस स्पष्ट. अक्कांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करून पाहिला आणि मला घरी नेऊन आंबट वरण-भात वाढला.

अशा या वेगावर जीव टाकणाऱ्या बाईची पोटची मुलगी मोटरसायकलच्या शर्यतीची तयारी करत होती, आणि अक्का तिकडे पाऊल टाकत नव्हत्या. सुधा सुट्टीच्या दिवशी ओरगडमच्या पुढच्या ट्रॅकवर सराव करी. ती हेल्मेट घेऊन निघाली की अक्का आतल्या खोलीत जात. भिंतीवर सगळ्या गावाचे फोटो होते, सुधाचा गाडीवरचा एकही नव्हता. एकदा मी विचारलं, तर म्हणाल्या, "परक्याची गाडी पळती तेव्हा मी फोटो बघते. हिची पळती तेव्हा मला फक्त हीच दिसती."

मग सुधाची पहिली खरी शर्यत ठरली. ती आईच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "आई, वा ना, ये ना. तू नाही आलीस तर मी सगळा वेळ तुझाच विचार करीन, गाडीचा नाही." हे मात्र अक्कांना लागलं. त्या म्हणाल्या, "कॅमेरा घेऊन येते. हातात काम असलं की भीती वाटायला सवड नसती."

आणि त्याच आठवड्यात त्या पडल्या. पाण्याचे कॅन नेणारी एक तीनचाकी टिपताना तिच्यामागे फिरत फिरत फुटपाथवरून खाली गेल्या. उजवं मनगट मोडलं. दवाखान्यात डॉक्टरांनी कशा पडलात विचारलं, तर तोंड वाकडं करून म्हणाल्या, "पाय हलला. माझाच."

शर्यतीला त्या आल्या. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून, आणि कॅमेरा माझ्या हातात देऊन. कुंपणाजवळ वळणाच्या तोंडाशी आम्ही उभ्या राहिलो. गाड्या सुटल्या आणि अक्कांनी डोळे गच्च मिटले. पहिल्या फेरीत मला नुसतं रिकामं गवत मिळालं, दुसऱ्या फेरीत कुणाचं तरी मागचं चाक.

"मिळाली?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

"नाही हो अक्का. फार जोरात जातेय."

"शटर किती?" मी सांगितलं. "वाढव जरा. आणि लांबून धर." पुढची फेरीही चुकली तशा त्या वैतागल्या. डावा हात माझ्या कमरेला घालून मागे उभ्या राहिल्या आणि डोळे उघडून वळणाकडे बघू लागल्या. मला दिसायच्या आधी त्यांना सुधा दिसली. "आली! ये, ये, ये... दाब! फिर, गो, फिर!" त्यांनी मला अक्षरशः भोवऱ्यासारखं फिरवलं. त्यांची हनुवटी माझ्या खांद्यावर होती, आणि त्या पूर्ण वळणभर एकदाही पापणी न लववता मुलीकडे बघत होत्या.

सुधा शेवटून दुसरी आली. पण फोटो आला होता. ट्रॅकच्या कडेला रचलेले टायर, गवत, कुंपण सगळं वाहून गेलेलं, आणि त्यात टाकीवर वाकलेली सुधा स्वच्छ. हेल्मेटच्या काचेमागे तिचे डोळे चक्क हसत होते. अक्का पडद्याकडे बघत राहिल्या. "ही अशी हसती होय गाडीवर?" एवढंच म्हणाल्या. परतताना माझ्याबरोबर रिक्षात बसायचं सोडून त्या प्लास्टरचा हात सांभाळत सुधाच्या रोजच्या गाडीवर तिच्या मागे बसल्या. सुधाने बिचारीने पूर्ण रस्ता गाडी बैलगाडीच्या चालीने चालवली, आणि अक्का दर सिग्नलला तिच्या पाठीवर थाप मारून "पो, पो, चल" करत होत्या.

काही वर्षांनी नवऱ्याची बदली पुण्याला झाली. सामान गेलं, आम्ही निघालो, तेव्हा अक्का चेन्नईत नव्हत्याच. सुधाची कोइंबतूरला शर्यत होती. स्टेशनवरून मी फोन लावला. काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. तुमच्यामुळे हे गाव माझं झालं, वगैरे. पलीकडे इंजिनांचा कल्लोळ.

"अक्का, आमची गाडी सुटतेय हो," मी म्हणाले आणि नाक ओढलं.

"रडू नक्को, पोरी! पोचलीस की फोन कर—" आणि मग एकदम किंचाळून, "ठेव, ठेव, आमची सुधा येतीय!"